ध्रुवप्रदेशातील कादंब : एक अभ्यास

स्थलांतर करणारा पक्षी कोणत्याही एका गावाला अर्धाच ठाऊक असतो. वर्षातले काही महिने तो डोळ्यांसमोर वावरतो. मग एके दिवशी थवा उठतो आणि पाण्यावर नुसते पाणी उरते. पुढच्या महिन्यांत तो कोठे असतो, त्याची अंडी-पिल्ले कोठे होतात, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपापल्या परीने दिली आहेत. त्यांपैकी युरोपातले एक उत्तर मोठे नामी आहे.

आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे हजारो कादंब उतरत. त्यांचे घरटे मात्र कोणी कधी पाहिले नव्हते. याच किनाऱ्यावर समुद्रातून वाहून येणाऱ्या लाकडांना देठासारख्या लांब मानेचे, शिंपल्यात राहणारे एक प्रकारचे जीव चिकटलेले असत. शिंपल्याबाहेर डोकावणारे त्यांचे केसाळ अवयव पिसांसारखे दिसतात. लोकांनी दोन आणि दोन चार केले. कादंब लाकडापासून उपजतो, चोचीने लाकडाला लोंबकळत वाढतो आणि पुरा झाला की गळून पाण्यात पडतो, असे ठरले. गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मपंडिताने ११८८ च्या सुमारास आयर्लंडवरील आपल्या ग्रंथात हे आपण प्रत्यक्ष पाहिल्याचे लिहून ठेवले. त्याने आणखीही एक गोष्ट लिहिली आहे. काही धर्मगुरू उपवासाच्या दिवशीही हा पक्षी खुशाल खात, कारण जो मांसापासून जन्मला नाही तो मांस कसा? उपवासाला चालणाऱ्या पदार्थांची यादी वाढवण्याची हौस आपल्याकडेच आहे असे नव्हे!

सिसिलीचा राजा व सम्राट दुसरा फ्रेडरिक (मृत्यू १२५०) याने मात्र अशी लाकडे मुद्दाम मागवून तपासली. शिंपल्यात त्याला पक्ष्याचा मागमूस दिसला नाही. या पक्ष्यांच्या विणीच्या जागा फार दूर आहेत, आणि त्या कोणाला ठाऊक नाहीत म्हणून ही कथा जन्मली, असे त्याने ससाण्यांच्या शिकारीवरील ग्रंथात लिहिले. तेराव्या शतकातील हे वाक्य वाचताना मला त्या माणसाविषयी आदर वाटला. आपले अज्ञान कोठे आहे हे नेमके दाखवता येणे ही शास्त्राची पहिली पायरीच होय.

पुढे १५९६ मध्ये विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्द्याची मोहीम स्पिट्सबर्गेन बेटाजवळ पोचली. तेथे खलाश्यांना अंड्यांवर बसलेले कादंब आढळले. ते हॉलंडात हिवाळ्यात येणारेच पक्षी आहेत हे त्यांनी ओळखले, आणि गेरिट द व्हेर याने मोहिमेच्या वृत्तांतात तसे नमूद केले. वाद मिटायला हरकत नव्हती. पण लगेच दुसऱ्या वर्षी, १५९७ मध्ये, लंडनला जॉन जेरार्डचा वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला, आणि त्याच्या अखेरीस कादंब देणाऱ्या झाडाची हकीकत पुन्हा मोठ्या विश्वासाने दिलेली होती. आजही या पक्ष्याचे इंग्रजी नाव त्या शिंपल्यातील जीवाशी जोडलेले आहे : बार्नेकल कादंब.

आपल्या परंपरेची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. ‘मेघदूता’तील हंस पावसाळ्याच्या तोंडाशी कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन मानससरोवराकडे निघतात आणि क्रौंचरंध्रातून हिमालय ओलांडतात. हे काव्य आहे, पक्षिशास्त्र नव्हे. तरीही दिशा बरोबर आहे, ऋतू जवळजवळ बरोबर आहे, आणि पर्वत ओलांडल्यावर एक सरोवर आहे हेही बरोबर आहे. आपल्या जलाशयांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलिया येथील सरोवरांकाठीच वीण करतो. ज्यांच्याकडे दुर्बीण नव्हती त्या लोकांना हे कसे कळले असेल? माझा तर्क असा की, डोंगरापलीकडे जा-ये करणारे व्यापारी आणि यात्रेकरू होते म्हणून. युरोपच्या उत्तरेला तशी वाट नव्हती. तेथे होता बर्फाचा समुद्र.

नावांविषयी थोडा खुलासा करते. आपण मराठीत ‘हंस’ हा शब्द फार सैल वापरतो. सरस्वतीच्या चित्रातला लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी वेगळा, संस्कृत काव्यातला हंस पुष्कळदा वेगळा, आणि बदक तर त्याहून वेगळे. या लेखातील पक्षी बदकांहून मोठे व गवत चरणारे आहेत. त्यांना मी ‘कादंब’ म्हणते. ध्रुवप्रदेशातील जातींना मराठी नावे नाहीत, म्हणून बार्नेकल, ब्रेंट वगैरे नावे तशीच ठेवली आहेत.

आता मुख्य विषयाकडे वळते. बार्नेकल कादंबाचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले तीन समुदाय आहेत. एक पूर्व ग्रीनलंडमध्ये वीण करतो व हिवाळ्यात आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर येतो. दुसरा स्वालबार्ड द्वीपसमूहातून निघून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील सॉल्वे खाडीवर येतो. तिसरा, सर्वांत मोठा, रशियाच्या उत्तरेकडून नेदरलंड्स-जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरतो. एकाच जातीचे, दिसायला एकसारखे असे हे पक्षी असूनही त्यांचे रस्ते सहसा मिसळत नाहीत. (१९७० नंतर काही जोड्या बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटाजवळच घरटी करू लागल्या, तो वेगळा विषय आहे.)

स्वालबार्ड हे साधारण ७६ ते ८० अंश उत्तर अक्षांशांत येते. भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा म्हणून आपण जे चार ओळींत शिकतो, त्या चार ओळींत या पक्ष्याला सारा संसार उरकायचा असतो. मेच्या उत्तरार्धात तो पोचतो तेव्हा जमिनीवर बर्फ असतो. बर्फाखालून पहिले ठिकाण मोकळे झाले की मादी खळगा करून आपल्याच छातीची मऊ लव त्यात अंथरते आणि चार-पाच अंडी घालते. अंडी सुमारे २४-२५ दिवस उबवावी लागतात. हे काम एकटी मादी करते. नर शेजारी उभा राहून पहारा देतो. या काळात मादी घरट्यावरून फार थोडा वेळ उठते, उठताना अंडी लवेने झाकते आणि जवळपासचे मिळेल ते गवत खाऊन परतते. ती जगते ती मुख्यत्वे दक्षिणेतून अंगावर आणलेल्या चरबीवर. आपल्याकडे खुडूक बसलेली कोंबडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची कल्पना येईल. फक्त येथे भोवती बर्फ आहे आणि वाटीत दाणे टाकणारे कोणी नाही. पिल्ले बाहेर येईपर्यंत मादीचे सुमारे एक तृतीयांश वजन घटलेले असते.

पिल्ले अंड्यातून निघाली की एक-दोन दिवसांत चालू लागतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतः चरतात. आईबाप भरवत नाहीत. त्यांना उडता यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. याच सुमारास आईबापांची उड्डाणाची पिसे एकदम झडतात, आणि तीन-चार आठवडे सारे कुटुंबच जमिनीवर अडकते. कोल्हा आला तर पाण्यात शिरायचे एवढाच उपाय. ऑगस्टच्या अखेरीस नवी पिसे आलेले आईबाप आणि नुकती उडू लागलेली पिल्ले निघण्याच्या तयारीला लागतात. एखाद्या वर्षी बर्फ दहा दिवस उशिरा वितळला तर ते दहा दिवस कोठूनही भरून काढता येत नाहीत. अशा वर्षी कित्येक माद्या अंडी घालतच नाहीत. आयुष्य वीस-पंचवीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. एक उन्हाळा वाया गेला तर पुढचा आहे, असा त्यांचा हिशोब असावा.

ग्रीनलंडमधील कादंबांनी कोल्ह्यावर जो तोड काढला आहे तो ऐकून अंगावर काटा येतो. ते उंच कड्यांच्या कपारींत घरटे करतात. कोल्हा तेथे पोचत नाही, पण गवतही तेथे नाही. म्हणून जन्मल्यावर एक-दोन दिवसांत पिल्लांना कड्यावरून खाली उडी मारावी लागते. कडा कधी शंभर मीटरांहूनही उंच असतो. आई खाली जाऊन हाका मारते, आणि लोकरीच्या गोळ्याएवढी पिल्ले एकामागून एक स्वतःला झोकून देतात. खडकांवर आपटत आपटत खाली आलेली काही वाचतात, काही मरतात, आणि आवाजाने कोल्हाही येतो.

मग इतक्या दूर, इतक्या धोक्यात जायचेच कशाला? याचे उत्तर गवतात आहे. गवताचे कोवळे पाते सर्वांत सकस असते; ते वाढू लागले की त्यातली प्रथिने कमी व काष्ठ अधिक होते. वसंत ऋतू जसजसा उत्तरेकडे सरकतो तसतशी कोवळ्या गवताची एक लाटच दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, आणि कादंब त्या लाटेबरोबर टप्प्याटप्प्याने प्रवास करतात. डच शास्त्रज्ञ रुडॉल्फ ड्रेंट यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना पुढे मांडली. स्वालबार्डकडे जाणारे थवे म्हणून वाटेत नॉर्वेच्या किनाऱ्यावरील बेटांवर काही आठवडे थांबतात. ध्रुवप्रदेशात पोचल्यावर तर सूर्य मावळतच नाही. चरायला चोवीस तास उजेड मिळतो. ज्या पक्ष्याला निकृष्ट गवतातून भराभर मांस करायचे आहे त्याला हा सौदा परवडतो.

हे सगळे कळले कसे, हा मला या अभ्यासातला सर्वांत रंजक भाग वाटला. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे वाळे घालण्याची पद्धत डेन्मार्कमधील शिक्षक मॉर्टेनसन यांनी १८९९ मध्ये पद्धतशीरपणे सुरू केली. पण चिमणीएवढ्या पक्ष्याला जाळ्यात धरणे वेगळे आणि उघड्या माळावर शेकडो डोळ्यांनी पहारा देणाऱ्या कादंबांना धरणे वेगळे. पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या अभ्यासाची संस्था काढली, आणि दोन वर्षांतच तेथील मंडळींनी अग्निबाणांच्या साह्याने थव्यावर जाळे फेकण्याची युक्ती बसवली. दुसरी युक्ती पक्ष्यांनीच देऊ केली होती. पिसे झडली की त्यांना उडता येत नाही! १९५१ मध्ये स्कॉट, जेम्स फिशर आणि आइसलंडचे फिन्नुर गुड्मुंडसन हे आइसलंडच्या मध्यभागातील थ्योर्सारव्हेर या दलदलीत गेले. गुलाबी पायांचे कादंब तेथे मोठ्या संख्येने वीण करतात. घोड्यांवर बसून, मेंढरे हाकावीत तसे, त्यांनी कादंब हाकत जाळ्यांच्या कोंडवाड्यात आणले आणि हजाराहून अधिक पक्ष्यांच्या पायांत वाळी घातली. गंमत अशी की, हिंडता हिंडता त्यांना दगडी भिंतींचे जुने कोंडवाडे सापडले. आइसलंडच्या शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी हीच युक्ती पक्षी मारण्यासाठी वापरली होती.

लोकांना जे ठाऊक असते ते शास्त्राला पुष्कळदा उशिरा कळते, याचे दुसरे उदाहरण कॅनडातले आहे. निळसर कादंब कोठे वीण करतो याचा शोध ड्यूई सोपर यांनी १९२३ पासून चालवला होता. बॅफिन बेटावरील इन्यूइट लोकांना ती जागा पूर्वीपासून माहीत होती. त्यांच्यापैकी एकाने काढून दिलेल्या नकाशावरून आणि त्यांच्याच सोबतीने १९२९ च्या जूनमध्ये सोपर तेथे पोचले. हा निळा कादंब आणि पांढरा हिमकादंब या दोन जाती नसून एकाच जातीची दोन रंगरूपे आहेत, हे पुढे सिद्ध झाले. फ्रेड कुक यांनी हडसन उपसागराकाठी १९६८ पासून केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की, पिल्लू मोठेपणी जोडीदार निवडते तो सहसा आपल्या आईबापांच्या रंगाचा. सोयरीक जुळवताना वर्ण पाहण्याची रीत केवळ माणसांची नव्हे म्हणायची.

धातूच्या वाळ्याची अडचण अशी की, ते वाचायला पक्षी पुन्हा हाती यावा लागतो, आणि तो बहुधा मेलेलाच येतो. मर्विन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्वालबार्डच्या कादंबांना अक्षरे कोरलेली रंगीत प्लॅस्टिकची वाळी घातली. ही दुर्बिणीतून दोनशे मीटरांवरूनही वाचता येतात. आता प्रत्येक पक्ष्याला जणू हजेरीपटावरचा क्रमांक मिळाला. कोण कोणाबरोबर जोडी करून आहे, किती पिल्ले आणली, यंदा कोण एकटा परतला, हे सॉल्वेच्या खाजणाकाठी बसून वर्षानुवर्षे टिपता येऊ लागले. जोडी आयुष्यभर टिकते हे यातूनच कळले. दोघेही जिवंत असताना ताटातूट होण्याचे प्रमाण वर्षाला शंभर जोड्यांमागे दोनच्या आसपास आढळले. चरण्याच्या जागेवरून भांडण झाले तर पिल्लांचा परिवार असलेली जोडी जिंकते, बिनपिल्लांची हटते आणि एकटा पक्षी सर्वांकडून मार खातो, हेही दिसून आले. यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरते.

आणि या सर्वांहून साधी, बिनखर्चाची पद्धत म्हणजे पिल्ले मोजणे. कादंबाची पिल्ले पहिल्या हिवाळ्यात आईबापांबरोबरच राहतात, आणि त्यांचा पिसारा वेगळा ओळखू येतो. ब्रेंट कादंबाच्या पिल्लाच्या पंखांवर पांढऱ्या कडांच्या बारीक रेघा असतात, प्रौढाच्या पंखांवर नसतात. म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात बसून थव्यात शंभरामागे किती पिल्ले आहेत हे मोजले, की चार-पाच हजार किलोमीटरांवरच्या सायबेरियात त्या उन्हाळ्यात वीण कशी झाली हे कळते. जेथे माणूस पोचत नाही तेथली बातमी पक्षी अंगावर लिहून आणतात.

या मोजणीतून एक विलक्षण गोष्ट निघाली. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातून येणाऱ्या ब्रेंट कादंबांत काही हिवाळ्यांत शंभरामागे चाळीस-पन्नास पिल्ले असत, तर काही हिवाळ्यांत जवळजवळ एकही नसे. हा चढउतार साधारण तीन वर्षांच्या फेऱ्याने येई. हवामानात असा फेरा नव्हता. तो होता लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या संख्येत. लेमिंग उदंड असले की ध्रुवीय कोल्हे तेच खातात व कोल्ह्यांची पिल्लावळ वाढते. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात, भुकेलेले कोल्हे मात्र उरलेले असतात, आणि मग ते अंड्यांवर तुटून पडतात. म्हणजे इंग्लंडातल्या हिवाळी थव्याची वयवारी तैमिरचे उंदीर ठरवतात. हाच फेरा तैमिरला वीण करणाऱ्या कर्ल्यू सँडपायपर या लहान पाणपक्ष्यातही दिसला. मुंबईच्या शिवडीच्या चिखलाणीत हिवाळ्यात जे थवे चरतात त्यांत हा पक्षी असतो. कोल्ह्याच्या भीतीने काही कादंब हिमघुबडाच्या घरट्याजवळ आपले घरटे करतात, आणि लाल छातीचा कादंब तर बहिरी ससाण्याच्या शेजारी राहतो. फौजदाराच्या वाड्याला लागून खोली घ्यावी तसे. फौजदार आपल्यालाच धरील ही भीती असतेच. पण चोर फिरकत नाहीत.

ही पद्धत आपल्याकडे करून पाहावी म्हणून मी व वर्गातील दोघी मैत्रिणी गेल्या हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर दोन दिवस जाऊन आलो. पट्टकादंबाच्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लाच्या डोक्यावर ते नसतात. उन्ह चढण्यापूर्वी काठच्या हिरवळीवर थवा चरत असताना दुर्बिणीतून हा फरक चांगला ओळखू येतो. उन्हे वर आली की पाण्याची वाफ थरथरू लागते आणि पट्टे पुसट होतात. आमचे टिपण दोन सकाळींचे आहे, त्यावरून मंगोलियाविषयी काही बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण दर वर्षी डिसेंबरात ते चालू ठेवायचे विभागात ठरले आहे. शेजारी गुरे चारणाऱ्या काकांनी मात्र विचारले, “पोरींनो, पाखरं मोजून काय मिळतं?” मी त्यांना लेमिंगांची हकीकत सांगितली. ती त्यांना पटली. उंदीर आणि कोल्हे ही मंडळी त्यांच्या ओळखीचीच होती. या पट्टकादंबांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते. ते एव्हरेस्टवरून उडतात असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. उपग्रहाने माग काढलेल्या पक्ष्यांत सर्वांत उंच नोंद ७२९० मीटरांची आहे, आणि बहुतेक प्रवास ते ६००० मीटरांखालून, खिंडींखिंडींतून करतात. क्रौंचरंध्राची कल्पना कवीने उगीच केली नाही.

रस्ता पिल्लाला कोण शिकवतो? कोकिळेचे पिल्लू आईबापांना न ओळखताच वाढते, पण कादंबाचे तसे नाही. ते आईबापांच्या मागून जाऊन रस्ता शिकते. याचा पुरावा स्वीडनमध्ये मिळाला. तेथे पांढऱ्या कपाळाचा लहान कादंब नष्ट होण्याच्या बेतात होता. त्याच्या जुन्या रस्त्यावर शिकारी फार. लाम्बार्ट फॉन एसेन यांनी १९८१ पासून त्याची पिल्ले बार्नेकल कादंबांच्या जोड्यांकडे दत्तक दिली. हे पालक हिवाळ्यात नेदरलंड्सला जात. दत्तक पिल्लेही तेथेच गेली, आणि पुढे स्वतःच्या पिल्लांना घेऊनही तेथेच जाऊ लागली. म्हणजे रस्ता हा रक्तात नसून घराण्याच्या रीतीत आहे. आणि रीत बदलू शकते. स्वालबार्डला वीण करणाऱ्या गुलाबी पायांच्या कादंबांपैकी काहींनी अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत स्वीडन-फिनलंडवरून रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटाचा नवा रस्ता धरला आहे. येस्पर मॅडसन व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हे प्रसिद्ध केले. तेथे आता तीन-चार हजार पक्ष्यांची वसाहत आहे.

ही बदलण्याची ताकद त्यांना पुढे लागणार आहे. ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या इतर भागांहून अधिक वेगाने तापत आहे. बर्फ लवकर वितळतो, गवत लवकर कोवळे होते आणि लवकर निबर होते. थॉमस लामेरिस यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार रशियाकडे जाणारे बार्नेकल कादंब अशा वर्षी वाटेतले थांबे टाळून घाईने पोचतात. पण घाईत चरबी साठलेली नसते, म्हणून पोचल्यावर आधी खावे लागते आणि अंडी घालायला उशीर होतोच. पिल्ले निघतात तेव्हा सकस गवताचे दिवस उलटून गेलेले असतात. स्वालबार्डला दुसरेच संकट आहे. समुद्रावरील बर्फ कमी झाल्याने सील पकडणे अवघड झालेली पांढरी अस्वले उन्हाळ्यात लवकर किनाऱ्यावर येतात आणि कादंबांच्या वसाहतीत शिरून अंडी फस्त करतात. यौके प्रॉप यांनी २०१५ मध्ये जे नोंदले त्यात काही वर्षी काही वसाहतींतली बहुतेक घरटी रिकामी झाली होती. कोल्ह्यापासून बचाव म्हणून कादंबांनी बेटे निवडली. अस्वल पोहत येते.

तरीही या पक्ष्यांचा इतिहास नुसता ऱ्हासाचा नाही. १९४८ मध्ये सॉल्वे खाडीवर येणारा समुदाय सुमारे तीनशेवर आला होता. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९५५ मध्ये स्वालबार्डवर त्यांच्या शिकारीस बंदी झाली. १९५७ मध्ये कार्लाव्हरॉकचे खाजण राखीव झाले. २०२० पर्यंत तीनशेचे चाळीस हजार झाले. मग २०२१-२२ च्या हिवाळ्यात पक्ष्यांच्या फ्ल्यूची साथ आली आणि या समुदायातील अदमासे एक तृतीयांश पक्षी एका हंगामात मेले. सगळा समुदाय एकाच खाडीवर गोळा होत असल्याचा हा तोटा.

संख्या वाढली की दुसरी तक्रार सुरू होते, आणि ती मला परकी वाटत नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटावर ग्रीनलंडचे हजारो कादंब शेतकऱ्यांच्या कुरणात उतरतात आणि गुरांसाठी राखलेले वसंतातले पहिले गवत खाऊन टाकतात. १९९२ पासून तेथील शेतकऱ्यांना सरकारी भरपाई मिळत आली आहे; शिवाय परवान्याने गोळ्याही घातल्या जातात, आणि त्यावरून पक्षिप्रेमी व शेतकरी यांच्यात वाद झडतात. माझ्या आजोबांनी ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभे राहून जन्मभर गोफण फिरवली. पाखरांना त्यांनी शिव्या दिल्या, पण राखण उठल्यावर चार कणसे ताटावर तशीच ठेवायची हा त्यांचा शिरस्ता होता. आयलाच्या शेतकऱ्याला एका वेळी हजारो पाहुणे येतात, तेव्हा त्याने किती कणसे ठेवावीत हे येथून सांगणे सोपे आहे. शास्त्रज्ञ त्याला आता एवढे सांगू शकतात की त्याच्या कुरणातला पक्षी कोणत्या फ्योर्डच्या कड्यावरून उडी मारून वाचला होता, यंदा त्याच्याबरोबर किती पिल्ले आली आहेत, आणि एप्रिलच्या कोणत्या आठवड्यात वारा फिरला की तो उठून जाईल.